पुरुषांचा बाक

आम्हाला मूल नाही. हे वाक्य आता मी बिनदिक्कत बोलतो, पण ते तोंडात बसायला मला चार वर्षं लागली. मी धुळ्यात एका शाळेत विज्ञान शिकवतो. दहावीला प्रजननाचा धडा आला की बरेच मास्तर ‘घरी वाचून घ्या’ म्हणून पुढे जातात. मी मात्र फळ्यावर आकृती काढून, न अडखळता सगळं सांगायचो आणि वर त्याची ऐटही मिरवायचो. मग एके दिवशी डॉक्टरांनी माझा रिपोर्ट आमच्याकडे सरकवला आणि शांतपणे सांगितलं की शुक्राणू जवळजवळ नाहीतच; बायकोचं सगळं ठीक आहे. फळ्यावरचा सगळा धडा मला पाठ होता, पण डॉक्टरांना एक साधा प्रश्न विचारायला जीभ उचलली नाही.

बायकोने त्या कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. दुपारी मायचा, म्हणजे माझ्या आईचा, फोन आला. ती सोनगीरजवळ आमच्या गावी राहते आणि तपासणीचं काय झालं हे तिला जाणून घ्यायचं होतं. बायको म्हणाली, “डॉक्टर म्हनतस, मन्हामाच काहीतरी शे.” मला न विचारता तिने सगळा दोष स्वतःवर घेतला. मी समोरच्याच खुर्चीत होतो. उठलो आणि पंखा वाढवला.

उद्या सांगू, असं मी रोज ठरवायचो. तोवर तिच्या वाट्याला काय काय आलं! कुणी अंगारा आणून दिला, कुणी कडू काढा. ती तो सगळ्यांसमोर उभ्याने प्यायची आणि पेला विसळून पालथा घालायची. बारशाला, ओटी भरायला तिला कुणी ‘येऊ नको’ म्हणत नसे. फक्त ऐनवेळी तिच्यासाठी स्वयंपाकघरात काहीतरी काम निघायचं. ती आत जायची, पण तिचा चेहरा कधी पडलेला दिसला नाही. एवढं बळ कुठून येतं या बाईला, असं वाटून मी थक्क व्हायचो. थक्क होण्यापलीकडे मी काही करत नव्हतो, हेही खरं.

उपचारासाठी आम्ही जळगाव गाठलं. आमच्याकडे या बाबतीत एक अलिखित रीत आहे: धुळ्याचे लोक जळगावला जातात आणि जळगावचे धुळ्याला, म्हणजे दवाखान्यात ओळखीचं कुणी भेटत नाही. घरी आम्ही ‘एरंडोलला उतरून पद्मालयाच्या गणपतीला जातो’ असं सांगायचो. माय खूश व्हायची. परतताना स्टँडवर पेढे घ्यायचो आणि गावी गेलो की प्रसाद म्हणून तिच्या हातावर ठेवायचो. ती ते डोळ्यांना लावून मगच तोंडात टाकायची. तेव्हा मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं व्हायचं.

दवाखान्यात बायका आत बसत. पुरुषांसाठी बाहेर जिन्याखाली एक लांब बाक होता. त्याच्यावर आम्ही सात-आठ जण असायचो आणि सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये. कुणी काही विचारलंच तर ठरलेलं उत्तर, “मंडळी आहे आत.” अर्ध्या माणसांच्या खिशात माझ्यासारखाच रिपोर्ट असणार, हे मला कळत होतं. पण त्या बाकावर बसून आम्ही सगळे बायकोला सोबत म्हणून आलेले होतो.

एकदा तिथे रावेरकडचा एक केळीवाला येऊन बसला. चाळिशीचा असेल. पांढऱ्या सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग होते. जागा करून देताना मी सवयीने विचारलं, “मंडळींची ट्रीटमेंट का?”

“नाही भो, माही,” तो म्हणाला. “तिचं सगळं बरोबर आहे. खोट माह्यात आहे.”

आवाज नेहमीचाच, रावेरला भाव काय लागला हे सांगावं तसा. बाकावरची सगळी बोटं मोबाइलवर थांबली. मी खालच्या आवाजात विचारलं, “गावात माहीत आहे?”

“मीच सांगितलं. ट्रक भरत होतो, तीसेक माणूस होतं. कुनीतरी बोललं, दुसरी कर. मंग सांगून टाकलं, दुसरी करून काय होईल, खोट माह्यात आहे.”

“मग काय झालं?”

“काय होईल? दोन दिवस हसले. तिसऱ्या दिवशी केळी कापाची होती.” “तिले पाच वर्सं हसत होते, भो. मले दोनच दिवस.”

आतून त्याला हाक आली आणि तो उठून गेला. पुन्हा कधी भेटला नाही. मी जन्मात मोठमोठ्या माणसांची भाषणं ऐकली आहेत, पण कुणासमोर इतका लहान झालो नव्हतो. आणि गंमत म्हणजे लहान होऊनही बरं वाटत होतं. अशी माणसं असतात आणि ती आपल्या बाकावर येऊन बसतात, याचंच नवल करत मी धुळ्यापर्यंत आलो.

तरीही महिनाभर मी काही बोललो नाही. मग धाकट्या बहिणीला सातवा लागला. मायने ओटी भरायचा कार्यक्रम गावी ठेवला. सकाळपासून बायको चुलीपुढे होती. दोन्ही हातांवर पुरणाचा मांडा फिरवत मोठा करायचा आणि उपड्या खापरावर टाकायचा. हे काम तिच्यासारखं घरात कुणाला जमत नाही. मधल्या खोलीत बहीण पाटावर बसली, बायका जमल्या, तांदूळ-नारळाचं ताट आलं. बायको हात पुसत दारापर्यंत आली आणि माय नेहमीसारखी म्हणाली, “तू मांडास्कडे ध्यान दे.”

ती मागे वळली. मी ओसरीवर पुरुषांत बसलो होतो, तिथून मला तिची पाठ दिसली. मी उठलो. बायकांनी भरलेल्या त्या खोलीत पुरुषाने जायचं नसतं, तिथे उंबऱ्याच्या आत जाऊन उभा राहिलो.

“माय, खोट मन्हामा शे. तिन्हामा काहीच नही. पहिल्या दिनपासून माहीत शे.”

एक म्हातारी काकू पुटपुटली, “काय जमाना उना.” एक-दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. माय माझ्याकडे बघत राहिली. मग ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि बायकोच्या शेजारी जाऊन बसली. गुडघ्यांमुळे तिला खाली बसवत नाही, पण बसली.

“ऊठ माय,” ती सुनेला म्हणाली. “मांडा मी करस. तू जाय, ओटी भर.”

बायको हात धुऊन आली आणि तिने बहिणीची ओटी भरली. बहीण रडत होती, बायको नाही. आत मायचे मांडे फाटत होते आणि त्या दिवशी सगळ्यांनी ते फाटकेच खाल्ले. मी मात्र आतून फुललो होतो. एवढं मोठं काम केलं होतं ना!

ऊन उतरल्यावर आम्ही गाडीवरून धुळ्याला निघालो. हायवेला लागल्यावर मला राहवेना. मी मान वळवून विचारलं, “बरोबर केलं ना मी?”

“बरोबरच केलं,” ती म्हणाली. धुळं जवळ आल्यावर पुन्हा बोलली. “पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, संध्याकाळपर्यंत तुम्ही मायला खरं काय ते सांगाल. म्हणून मी जेवायची थांबले होते.”

“मग?”

“मग काय. भाकरी गार झाली. गारच खाल्ली.”