सापशिडीचं बारसं

केतकीचा कॉम्प्युटरचा प्रोजेक्ट रविवारी जेवणाआधी पूर्ण झाला होता. जेवणानंतर मी मदतीला बसलो.

तशी गरज नव्हती. अकरावीतल्या माझ्या लेकीने पायथॉनमध्ये सापशिडी बनवली होती. ती खेळाडूचं नाव विचारायची, फासा टाकायची, सापाने गिळलं की ‘अरेरे’ म्हणायची. महिनाभर केतकी एकटी तिच्यामागे खपत होती आणि सोमवारी सकाळी ती सरांना चालवून दाखवायची होती. पण मी पडलो महाप्याच्या सॉफ्टवेअर कंपनीतला मॅनेजर! (म्हणजे कित्येक वर्षांत मी कोड लिहिलेला नाही, इतरांनी लिहिलेल्या कोडवर मीटिंगा घेतो.) घरात पायथॉन चाललाय आणि बापाने टीव्ही बघत लोळायचं, हे मनाला पटेना.

पंचाईत अशी की सगळं नीट चालत होतं. चूक काढायला जागाच नव्हती. शेवटी मला फाइलचं नाव सापडलं: ‘माझा प्रोजेक्ट फायनल नक्की फायनल’. हे काय नाव झालं, म्हटलं. नाव कसं, काम सांगणारं हवं. फाशाचा आकडा केतकी पायथॉनच्या ‘रँडम’ नावाच्या तयार सामानातून मागवत होती. मग आपल्या फाइलचं नावही ‘रँडम’! मी मोठ्या थाटात बारसं उरकलं आणि सापशिडी सुरू केली.

तिने स्वागत केलं, नाव विचारलं आणि फासा टाकायची वेळ आल्यावर पडदाभर लाल अक्षरं ओकली.

केतकी म्हणाली, “बाबा, मगाशी चालत होतं.”

“मगाशी ते नशिबाने चालत होतं,” मी म्हणालो. (या एका वाक्यावर ऑफिसात माझे बरेच दिवस निघाले आहेत.)

मी लॅपटॉप बंद करून चालू केला. पायथॉन काढून पुन्हा टाकला. सापशिडी पुन्हा गोड बोलून स्वागत करायची आणि फाशापाशी येऊन मान टाकायची. केतकी ती लाल अक्षरं वाचायला वाकली की मी घाईघाईने खिडकी मिटायचो. लाल अक्षरं वाचत बसायची नसतात, घालवायची असतात, असा आमच्या पदाचा साधारण शिरस्ता आहे.

तेवढ्यात जवळच्या सारसोळ्याहून केतकीची मैत्रीण सई पेन ड्राइव्ह घेऊन आली. तिने प्रश्नमंजुषा केली होती, फक्त एकदा चालवून बघायची होती. मी उदार मनाने तिची फाइल आमच्याच फोल्डरात टाकली. सुरू केली, तर पडद्यावर ‘सापशिडीत आपलं स्वागत आहे!’

सई बघतच राहिली. “काका, मी तर क्विज केलेला हाय. यात साप कुठून आले?”

मी हळू आवाजात जाहीर केलं की हा व्हायरस आहे आणि तो पसरतोय. सईचा पेन ड्राइव्ह काढून मी बाल्कनीत तुळशीशेजारी नेऊन ठेवला. बायकोला तिचा लॅपटॉप लांब ठेवायला सांगितलं. तिने, मिक्सर पण लांब ठेवू का, असं विचारलं.

“उद्या मी सरांना काय दाखवू?” केतकी म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. मला फार वाईट वाटलं. पोरीचं महिन्याचं काम मी एका दुपारी बुडवलं होतं आणि कसं बुडवलं तेही मला कळत नव्हतं. मी पाणी आणायला म्हणून स्वयंपाकघरात सटकलो.

परत आलो तर केतकीने लाल अक्षरं वाचून काढली होती. शेजारी मटार सोलत बसलेल्या माझ्या आईला ती समजावत होती. पायथॉनचं स्वतःचं एक रँडम आहे. बाबांनी आपल्या फाइलला तेच नाव दिलं. आता रँडम म्हणून हाक मारली की जवळ बसलेली आपली सापशिडीच ओ देते, मूळच्या रँडमपर्यंत हाक जातच नाही. सईची फाइलही प्रश्न निवडायला रँडमलाच हाक मारते आणि तीही त्याच फोल्डरात, म्हणून तिच्याही हाकेला आपलीच बया धावून गेली. नाव बदला, असं तिथे स्पष्ट लिहिलं होतं.

“मग यात कठीण काय?” आई म्हणाली. “मामंजींचं नाव तुझ्या बापाला ठेवलं, पण हाक मारली बंडू म्हणून. नाहीतर मी अंघोळीला बोलावलं असतं आणि मामंजी पंचा घेऊन आले असते.”

माझं कागदोपत्री नाव सदाशिव. सासऱ्यांचं नाव आई तोंडाने घेणार कशी? म्हणून पन्नाशी गाठली, टक्कल पडलं, तरी नेरुळच्या आमच्या सोसायटीत मी बंडूच आहे. ज्या उपायावर मी जन्मभर जगलो, तो मला सोडून घरातल्या सगळ्यांना सुचला.

केतकीने तिथल्या तिथे फाइलचं नाव बदललं. फासा पडला, साप चावला, ‘अरेरे’ आलं. सईच्या फाइलनेही पहिला प्रश्न विचारला. बाल्कनीतून पेन ड्राइव्ह मी स्वतः आणून दिला.

सोमवारी सरांनी सापशिडी खेळून पाहिली आणि खूश झाले. मग फाइलचं नाव ‘बंडू’ कसं, म्हणून विचारलं. केतकीने सांगितलं, माझ्या बाबांना घरी बंडू म्हणतात.

“अस्सं,” सर म्हणाले. “म्हणजे बाबांनी मदत केलेली दिसते.”

“केली होती, सर,” केतकी म्हणाली. “पण मी ती काढून टाकली.”