कॉम्प्युटरचा दुसरा वजीर

"प्यादं शेवटच्या घरात पोचलं तरी, आपला वजीर पटावर जिवंत असताना त्याचा दुसरा वजीर होत नसतो. जे मोहरं मेलंय तेच परत येतं."

बुद्धिबळ शिकवताना आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, हा नियम सांगितला. मी विचारलं, "का?"

आबा म्हणाले, "ते इचारायचं न्हाई!"

शिरूरच्या आमच्या घरात दर रविवारी पटाभोवती तीन म्हातारे असतात. आबा, मार्केट यार्डातले जुने आडते. त्यांचे साडू आप्पा, राहू गावाहून एसटीनं येतात. आणि शेजारचे जॉनमामा, रिटायर्ड मास्तर. अशा घरात किस्से गोळा करावे लागत नाहीत, केर काढताना निघतात. मी कुरकुंभच्या एका कंपनीत लॅबमध्ये आहे, आठवडाभर दौंडला खोली करून राहते. रविवारी घरी आले की आधी मागच्या रविवारचं भांडण ऐकायचं, मग नवीन सुरू! त्यात मी घरी कॉम्प्युटर आणला आणि म्हटलं, यावर बुद्धिबळाचं सॉफ्टवेअर टाकू. कुठलं, हे ठरवण्यात उन्हाळा गेला आणि पावसाळाही!

*

पहिलं सॉफ्टवेअर फुकटातलं. आबांनी चष्मा पुसला, मिशीवरून हात फिरवला, भरपूर विचार करून प्यादं सरकवलं. माऊसवरचा हात उचलायच्या आत कॉम्प्युटरची चाल हजर!

आबा भडकले. "म्होरं माणूस बसलाय. इचार केल्यासारखं तरी दाखवावं का न्हाई?"

मी सेटिंगमध्ये जाऊन त्याला प्रत्येक चालीला मिनिटभर थांबायला लावलं. आबा खूश.

"आत्ता कसं! घाम फुटला बघ गड्याला!"

*

दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एक बाई प्रत्येक चाल इंग्रजीत बोलून दाखवायची. सारखं आपलं "क्वीन, क्वीन!"

"कुणाला हाका मारती ही?" आप्पांनी विचारलं.

"वजिराला," जॉनमामा म्हणाले. "आपल्या वजिराला इंग्रजीत राणी म्हणतात."

आप्पा विचारात पडले. "म्हंजी राजा कोपऱ्यात लपून बसणार आन् राणी समदीकडं पळणार?"

"हो."

"मग त्यात नवीन काय हाय? आमच्या घरला तेच चाललंय!"

स्वयंपाकघरातून आई ओरडली, "हेच ठेवा सॉफ्टवेअर!"

*

तिसऱ्यात चाल मागे घ्यायचं बटण होतं. ते सापडल्यावर आप्पा दुपारभर एकच डाव खेळले. पुढे जायचे, फसायचे, बटण दाबायचे. संध्याकाळी जिंकलेसुद्धा! उठताना हळहळून म्हणाले, "इलेक्शनला आसलं बटण आसतं तर मी आजबी सरपंच आसतो!"

आबांनी मात्र त्या बटणाकडे एकदाही पाहिलं नाही. धडधडीत वजीर गेला, मी म्हटलं, "आबा, मागे घ्या, कोण बघतंय?"

"मी बघतोय की. हात लावला तो लावला."

माझं या माणसाशी बाकी कशावरच पटत नाही. माझ्या नोकरीवर नाही, लग्नावर तर नाहीच. पण त्या दिवशी वाटलं, खेळाडू असावा तर असा!

*

आबा हरून हरून खचतील, अशी काळजी जॉनमामांना लागली. एका रविवारी त्यांनी गुपचूप लेव्हल अगदी खाली आणून ठेवली. आबांनी चार चाली केल्या आणि माऊस सोडून दिला.

"ह्याला हरायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही हो. तुमचा खेळ सुधारला," जॉनमामा म्हणाले.

"मास्तर, उभा जलम यार्डात गेला माझा. भाव पाडून बोलणारा मला तोंड बघून कळतो. हे तर डबडं हाय!"

लेव्हल परत वर गेली. आबा पुन्हा रविवारमागून रविवार हरले. आमच्या घरची एक रीत आहे : हरलेल्याला पहिला चहा. तो कप आबा दर वेळी निमूट ओढून घ्यायचे. आणि एक दिवस त्यांनी त्याच लेव्हलला कॉम्प्युटरला मात दिली! टाळ्या नाहीत, आरडाओरडा नाही. टोपी सरळ केली आणि आईला हाक मारली.

"सूनबाई, पयला च्या त्याच्याम्होरं ठेव."

स्क्रीनसमोर कप ठेवला. तो गार होईपर्यंत कुणी उचलला नाही!

*

पुढच्याच रविवारी त्या कॉम्प्युटरनं स्वतःचा वजीर जिवंत असताना दुसरा वजीर केला. आबांनी सरळ वायर उपसली.

"लबाड!"

"आबा, जगभर हाच नियम आहे," मी म्हटलं.

"जगाला सांग शिरूरला येऊन खेळ म्हनावं."

जॉनमामांनी कुठून तरी एक सॉफ्टवेअर शोधून काढलं. त्यात नियम आपले आपण टाकता यायचे. तिघांनी निकाल देऊन टाकला, हेच राहणार, बाकीची काढून टाक.

आता मात्र माझं डोकं फिरलं. गेल्या वर्षी कंपन्यांच्या स्पर्धेत माझं प्यादं शेवटच्या घरात पोचलं होतं. माझा वजीर पटावर होता, म्हणून मी सवयीनं मेलेला घोडा मागितला! समोरची मुलगी आधी चकित झाली, मग हसली, मग जिंकली. पुढच्या महिन्यात परत स्पर्धा आहे. सराव रविवारीच, आणि सरावाला आबांइतका तगडा माणूस मला दौंडपासून शिरूरपर्यंत दुसरा मिळणार नाही.

"दोन्ही ठेवू," मी म्हटलं.

"एका घरात दोन नियम चालत न्हाईत," आबा म्हणाले.

"मग खेळून ठरवू. जिंकेल त्याचं सॉफ्टवेअर राहील."

लाकडी पट मांडला. आबा काय खेळले! उंट असा आणून बसवला की मी मनातल्या मनात दाद दिली. पण त्या गडबडीत माझं एक प्यादं कडेकडेनं निघालं आणि शेवटच्या घरात पोचलं. वजीर आला तर आबांवर मात होती. दुसरं काहीही आलं तर पुढच्या चालीला माझ्यावर.

जॉनमामांनी मेलेला घोडा पुढे केला. "घे, पोरी."

"घोडा नको. वजीर."

"तुझा वजीर जिता हाय की!" आप्पा म्हणाले.

"असू दे. एक राणी जिवंत आहे म्हणून दुसरीनं यायचंच नाही?"

पेटीत दुसरा वजीर नव्हता. मी मेलेला हत्ती घेतला आणि वजीर म्हणून शेवटच्या घरात उलटा उभा केला.

"उचल ते," आप्पा म्हणाले. "मोठ्यांम्होरं आसलं चालायचं न्हाई."

"नाही उचलणार. हात लावला तो लावला."

आप्पांनी आबांकडे पाहिलं. जॉनमामांनी घोडा खिशात घातला. आई चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली होती. ती पुढे आली आणि पटाच्या बरोबर मध्ये, दोघांच्याही हाताला येईल असा एक कप ठेवला.

आबा बराच वेळ उलट्या हत्तीकडे बघत राहिले. मग त्यांनी कप स्वतःकडे ओढला.