अठरा पेपर, एकच उत्तर

सिंगापूरच्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत मी अमेरिकेचा इतिहास शिकवू लागले, तेव्हा अमेरिका मी फक्त नकाशात पाहिली होती. दहावीच्या वर्गात अठरा मुलं. कोरियन, जपानी, इंडोनेशियन, चार भारतीय, आणि अमेरिकन म्हणावीत अशी दोनच. पुण्यात बारा वर्षं जे केलं तेच मी इथेही केलं. 'वसाहतींनी बंड का केलं?' याचं मुद्देसूद उत्तर तयार केलं, पाच कारणं काढली, सावकाश उतरवून दिली आणि पाठ करायला सांगितलं.

गुणी पोरं, त्यांनी खरंच पाठ केलं. चाचणीचे पेपर मी घरी जाताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत बसूनच तपासायला घेतले आणि त्या आनंदात माझं जुरोंग ईस्ट स्टेशन कधी मागे पडलं ते कळलंच नाही. अठराही पेपरांत पाचही कारणं, माझ्याच क्रमाने, स्वल्पविरामांसकट. मी सगळ्यांना भरभरून मार्क दिले.

दोन दिवसांनी हेडबाईंनी बोलावलं. बाई अमेरिकन, आवाज कायम मऊ. समोर अठरा पेपर पसरलेले.

"अख्ख्या वर्गाने कॉपी केली आहे," त्या म्हणाल्या. "नियमाप्रमाणे सगळ्यांना शून्य, आणि रेकॉर्डवर नोंद. ती पुढे कॉलेजांकडेही जाते."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

"कॉपी नाही ही. उत्तर माझं आहे, मीच लिहून दिलं. नोंद करायचीच तर माझ्या फाइलमध्ये करा, मुलांच्या नको."

बाईंना हा प्रकार खरंच समजत नव्हता. शेवटी ठरलं असं, की पुढच्या शुक्रवारी पुन्हा चाचणी. उत्तरं वेगवेगळी आली तर नोंद होणार नाही.

घरी लेकीला सांगितलं तर ती तिच्या नव्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, सो ऑब्व्हियस लाह. तू सांगितलंस, त्यांनी लिहिलं."

सोमवारी मी वर्गाला सगळं खरं सांगितलं, वह्या मिटायला लावल्या आणि विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" अठरा पेनं वर झाली आणि तशीच थांबली. मग एका जपानी मुलाने अदबीने विचारलं, "मिस, आम्हाला काय वाटतं ते सांगता का? लिहून घेतो."

मी कपाळाला हात लावला. बुधवारपर्यंत हेच. मग एक इंडोनेशियन मुलगा म्हणाला, की त्याचे आजोबा त्यांच्यावर राज्य केलेल्या डचांबद्दल असंच काहीतरी बोलतात. ते ऐकून आपली भारतीय मंडळी गप्प बसतात होय? इंग्रजांना मध्ये आणून त्यांनी जी जुंपली, ती तास संपला तरी थांबेना. शेजारच्या वर्गातून तक्रार आली. मला फार बरं वाटलं.

शुक्रवारी अठरा पेपर आले, अठरा तऱ्हेचे. हेडबाईंनी एकेक वाचला आणि नोंदीचा कागद फाडून टाकला.

वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या कोरियन मुलीचा पेपर मी शेवटी घेतला. तिने लिहिलं होतं, "शिक्षिकेने सांगितलेलं चौथं कारण मला पटत नाही." आणि पुढे पानभर, का ते. आधी मला रागच आला. मग पुन्हा वाचलं. तिचं बरोबर होतं. मी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले, आणि पुण्यातल्या बारा वर्षांत एकाही मुलाला आपण हे वाक्य लिहू दिलं नाही, याची मनापासून लाज वाटली.