सकाळी बटणं कोण लावतं?

शैलाताई गेली त्याला तीन आठवडे झाले. ती माझी मावसबहीण. पेपरातली बातमी मीच लिहून दिली आणि त्यात ठसक्यात घातलं, ‘हाडांच्या नामवंत डॉक्टर’. दुसऱ्याच दिवशी तिच्या हाताखाली शिकलेल्या डॉक्टर मुलीचा फोन. “भैया, दीदी हड्डी की डॉक्टर नहीं थीं.” लहान मुलांचा संधिवात, त्यांची वर्षानुवर्षं न थांबणारी सांधेदुखी, यावर ताईनं आयुष्य घातलं आणि घरच्या विद्वानाला त्याचा पत्ता नाही... खरं तर होता. म्हणून तर चीड जास्त येते.

सिविल लाइंसमधल्या तिच्या तपासायच्या खोलीत ती आधी आईबापांना गप्प बसवायची. मग मुलाला विचारायची, “सकाळी शर्टाची बटणं कोण लावतं? आणि दुपारी?” उत्तर मुलाच्याच शब्दांत वहीत जायचं. ‘पाय लाकडाचा होते.’ ‘गुडघ्यात कोणी बसून राहिलं.’ दुखणं सुरू झाल्यापासून मुलावर कोणीतरी विश्वास ठेवेपर्यंत किती काळ जातो, हे ती शोधत होती. म्हणायची, “औषधं आहेत रे. मुलं उशिरा येतात.”

माझी मुक्ता तेव्हा आठ वर्षांची. सकाळी जिना बसत बसत उतरायची आणि संध्याकाळी अधारतालच्या आमच्या गल्लीत पळापळी खेळायची. म्हणजे शाळा बुडवायची नौटंकी, असा मी निकाल दिला. आमचे डॉक्टर म्हणाले, वाढीचं दुखणं. मग मालिशवाली बाई लावली, ग्वारीघाटावर नेऊन नर्मदेत डुबकी मारून आणली. ताईकडे तेवढं नेलं नाही. काहून, तर तिला जिथेतिथे तोच आजार दिसतो, असं मी चारचौघांत हसत सांगायचो. दीड वर्ष गेलं. शेवटी एका मुंजीत ताईनंच तो सुजलेला गुडघा पाहिला आणि हातातलं ताट खाली ठेवलं.

“संध्याकाळी पळते म्हणून सकाळी खोटं बोलते? बाळ्या, सकाळी सांधे आखडतात, दिवस चढला की सुटतात, हीच तर या आजाराची खूण आहे.”

उपचार झाले. मुक्ता आता कॉलेजात जाते. उजवा गुडघा मात्र पूर्ण सरळ होत नाही.

परवाच्या शोकसभेत एक गृहस्थ गहिवरून बोलले, “स्वतःचं मूल नव्हतं, म्हणून दुसऱ्यांच्या मुलांत रमली बिचारी.” माझं डोकंच फिरलं. रमली? दुखतं म्हणणाऱ्या पोराला आपण मोठी माणसं खोटारडं ठरवतो, याचा तिला संताप होता. जन्मभर ती संतापत राहिली आणि आपण त्या संतापाला माया म्हणून हार घालून आलो.

घरी येऊनही माझी बडबड थांबेना... त्या गृहस्थावर, वाढीचं दुखणं म्हणणाऱ्या त्या डॉक्टरवर, आपल्या सगळ्या लोकांवर. बायको, सुनंदा, मेथी निवडत ऐकून घेत होती. मग म्हणाली, “लिहा, सगळं लिहा. पण ‘तू खोटं बोलत नव्हतीस’, हे मुक्ताला तुम्ही आजपर्यंत म्हटलं नाही. पोरगी अजून वाट पाहून राहिली.”