चौदा नंबरचं बिब

एस.टी.तून उतरलेला पोरगा समोर येऊन उभा राहिला, तेव्हाच माझ्या लक्षात आलं की हा तो नाही.

मी निवडलेला पोरगा उंच होता, खांद्यानं रुंद. हा माझ्या काखेत बसेल एवढा. बूट हातात, कारण प्रवासात खराब व्हायला नकोत.

"सर, मी समीर. कबनूरचा. सिलेक्शन झालं म्हणून फोन आलता."

"ये बाळा," मी म्हणालो.

त्या 'ये'ला आता बारा वर्षं झाली. माझी बहात्तरी उलटली. म्हणून हे लिहितो आहे.

मी शाळेत पी.टी. शिकवली आणि संध्याकाळी आमच्या पेठेच्या फुटबॉल संघाचा कोच होतो. कोणती पेठ, ते सांगणार नाही. कोल्हापुरात पेठेचं नाव घेतलं की भांडण सुरू होतं आणि मूळ विषय राहून जातो.

त्या वर्षी समोरच्या पेठेनं बाहेरून तीन महागडे खेळाडू आणले होते. आमचे अध्यक्ष बापूसाहेब अस्वस्थ झाले.

"सर, आपण एक तरी आणूया की. गोव्याचा स्ट्रायकर हाय. वर्गणी काढतो."

"त्या एकाच्या पैशात अख्खी टीम उभी राहील," मी म्हणालो. "जिल्ह्यातली कच्ची पोरं घेऊ, घडवू."

"कच्ची पोरं दोन वर्षांनी पिकणार. फायनल यंदा हाय, सर!"

"माझी नजर आहे, बापूसाहेब. चुकली तर शिट्टी तुमच्या टेबलावर ठेवतो."

बापूसाहेबांनी कमिटीकडं बघितलं. कमिटीनं चहाकडं बघितलं.

"बरं. तीन पोरं घ्या. चौथं मागितलं, की मी गोव्याला फोन लावणार."

आम्ही ट्रायल ठेवली. ट्रायल म्हणजे पोरांना खेळायला लावायचं आणि आपण काठावर बसून निवडायचं. बत्तीस पोरं आली. लांबून तोंडं ओळखू येत नाहीत, म्हणून प्रत्येकाला बिब देतात. बिब म्हणजे शर्टावर घालायचं बिनबाह्यांचं जाकीट, त्यावर मोठा नंबर. बापूसाहेब बत्तीस बिबं आणायला निघाले होते. मीच अडवलं. काटकसरीचं भाषण माझंच होतं ना! म्हणालो, "सोळात भागतं. पहिला गट खेळला की तीच काढून दुसऱ्या गटाला घालायची."

पहिल्या गटात चौदा नंबरचा एक उंच स्टॉपर होता. स्टॉपर म्हणजे बचावाच्या मधोमध उभा राहून समोरच्याचा हल्ला मोडणारा. हा पोरगा बॉल यायच्या आधीच जागेवर असायचा. ते शिकवून येत नाही. मी वहीत लिहिलं: '१४ – घ्यायचाच.' खाली दोन रेघा मारल्या. गट कोणता, ते लिहिलं नाही.

नावांचे कागद दोन होते, गटागणिक एक. माझं सगळं बघून झालं, तेव्हा वर दुसऱ्या गटाचा कागद होता. त्यातल्या चौदा नंबरला फोन गेला. तो समीर.

पहिल्याच संध्याकाळी घरी जाऊन मी खालचा कागद काढला. चौदा नंबरसमोर मलकापूरच्या एका पोराचं नाव आणि फोन होता. बोलवायचं तर चौथी जागा मागावी लागणार. का, ते सांगावं लागणार. नजरेच्या गप्पा मारणाऱ्या कोचला सोळा बिबांचा हिशेब जमला नाही, हे कमिटीला कळणार. मी कागद घडी करून पी.टी.च्या पुस्तकात ठेवला.

समीर स्टॉपर नव्हताच. तो विंगर निघाला, कडेनं पळणारा. इतका पळायचा, की समोरच्या पेठेचे महागडे खेळाडू कमरेवर हात ठेवून उभे राहायचे. सेमीफायनल आम्ही जिंकली. फायनल हरलो. मधोमध भोक होतं, गोल तिथूनच झाला. ते का होतं, हे मैदानावर एकट्या मला माहीत होतं.

तरी बापूसाहेब सांगत सुटले, "आमच्या सरांची नजर म्हंजे एक्स-रे! ह्या एवढ्याशा पोरात विंगर बघितला!" पुढं सगळ्या पेठांत पोरं घडवायचं बोलणं सुरू झालं. मागच्या महिन्यात माझा सत्कार झाला. फेटा डोक्याला बसेना. दुसऱ्या दिवशी तो जुना कागद खिशात घालून मी मलकापूरची एस.टी. धरली.

त्याचं आता दूध संकलन केंद्र आहे. उंची तशीच, पोट नवीन. मी ओळख सांगितली. त्यानं खुर्ची पुसून दिली. मी सगळं सांगून टाकलं.

त्यानं माझ्या हातातला कागद घेऊन आपलं नाव वाचलं. मग म्हणाला, "दोन महिनं फोन उशाला घिऊन झोपत हुतो. आई म्हनायची, फोन हाय का तान्हं पोर?"

मी मान खाली घातली.

"समीरची मॅच बघायला आलतो मी. ब्येस खेळला. मनात आलं, आपुन काय वाईट हुतो? पर म्हटलं, सरांची नजर हाय, आपल्यातच कमी असंल. मग सोडलाच खेळ." थांबून त्यानं विचारलं, "म्हंजे माझं काय चुकलंच न्हवतं?"

"नाही. तू त्या दिवशीचा सगळ्यात चांगला खेळाडू होतास."

"हे बारा वर्षांमागं सांगायचं की, सर."

तेवढ्यात एक म्हातारी किटली घेऊन आली. त्यानं दूध मापलं, पावतीवर नाव लिहिलं, तिच्या हातात दिली आणि माझ्याकडं बघून हसला.

"बघा. दोन लिटर दुधाला बी मी नाव लिवतो. नुस्ता नंबर टाकला, तर ही म्हातारी किटली डोक्यात घालंल माझ्या. तुमी एवढं मास्तर आसून?"

"चुकलं," मी म्हणालो. "आता हे लिहून छापायला देणार आहे."

"द्या की. पर नाव घाला. चौदा नंबर म्हनू नका."

त्याचं नाव दीपक आनंदा खोत. राहणार मलकापूर. स्टॉपर.

बाहेरचे खेळाडू आणायचे की घरची पोरं घडवायची, ते ज्याच्या त्याच्या कमिटीनं ठरवावं. पोरंच घेणार असाल, तर बिबांचे दोन सेट आणा. स्वस्त पडतात.