माझ्या मापाची प्लेट

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते म्हणजे प्लेट घासली. जेवायची नव्हे. घोरणं बंद व्हावं म्हणून तोंडात घालायची असते, ती. मी तांब्यानं पाणी ओतत होतो, बायको जुन्या ब्रशनं घासत होती. दुसऱ्या दिवशी लेकीच्या सासूबाई सांगलीहून यायच्या होत्या, तवा प्लेट रोजच्या वापरातली दिसायला पाहिजे होती. खरं म्हणजे दीड वर्षात ती माझ्या तोंडात दोनदा गेली असेल. कारण घोरत मी नव्हतोच. घोरायची ती, माझी बायको.

हे आज लिहितोय, कारण आता विहीणबाईही राहिल्या नाहीत. त्या असत्या तर हातात पेन धरलं नसतं. चौथी शिकलोय, तेवढ्यात बसेल तेवढं लिहितो.

घोरायची म्हणजे कशी, तर उसानं भरलेला ट्रॅक्टर चढाला लागावा तशी. मधेच आवाज बंद. मी उठून बसायचो. मग गचका बसल्यागत श्वास यायचा आणि ट्रॅक्टर परत चालू. गल्लीत मात्र तिनं सांगून ठेवलेलं, आमच्या ह्यांचं घोरणं लय वाईट. गल्लीला ते पटलं. पुरुष घोरला तर दिवसभर राबलाय म्हणतात, बाई घोरली तर तिला वळण नाही म्हणतात. नव्वद सालानंतरची गोष्ट ही. सरपंचाच्या माडीवर डिशची छत्री आली होती, पण बाई घोरते असं म्हणायची सोय अजून आली नव्हती. मीही मिशीला पीळ देऊन ते घोरणं माझ्या अंगावर घेतलं. फुकटची मर्दुमकी कोण सोडतो?

पुढं ती दिवसा पेंगायला लागली. भाकरी थापता थापता डुलकी यायची. एकदा हात तव्याला भाजला, मग मी घाबरलो. लेकीनं फोनवर सांगितलं, इथं सांगलीत वाकडे दात सरळ करणारा एक डॉक्टर आहे, तो घोरणाऱ्यांसाठी जबड्याची प्लेट बनवतो. एस्टीत बसल्यावर आमचं ठरलं, आज खरं सांगायचं.

"सांगते की," ती म्हणाली. "डॉक्टरला कसली लाज?"

सांगलीच्या स्टँडवर उतरलो तर लेकीच्या जागी विहीणबाई उभ्या. नातू तापलेला, म्हणून आमच्या मदतीला त्या. मदत करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. रिक्षात बसल्या बसल्या त्यांनी कुठल्याशा सुनेच्या आईची गोष्ट काढली. ती म्हणे लग्नात वऱ्हाडात झोपली आणि अख्खं कार्यालय उठून बसलं. "पोरीला अजून ऐकवतात हो सासरी, आईवर गेलीस म्हणून." आमची ही तोंडाला पदर लावून हसली. मला तवाच कळलं, आज खरं काही निघत नाही.

दवाखान्यात सगळ्या लग्नाच्या पोरी, दातांना तारा लावलेल्या, आणि त्यांच्या मधे मी, पटका बांधून. डॉक्टरनं विचारलं, पेशंट कोण? विहीणबाईंनी माझ्याकडं बोट केलं. मी बायकोकडं बघितलं.

"हेच," ती म्हणाली.

घोरताना श्वास थांबतो का, असं त्यानं विचारलं. तिनं सगळं सांगितलं. ट्रॅक्टर, थांबणं, गचका. मी तिला तिच्याबद्दल जे सांगायचो तेच, शब्दाला शब्द, फक्त माणूस बदलून. भावकीच्या दाव्यात इतकी पक्की साक्ष मी ऐकली नाही. मग त्यानं गुलाबी लगद्यानं भरलेला साचा माझ्या तोंडात दाबला आणि तो धरून बोलायला लागला. ही प्लेट खालचा जबडा पुढं ओढून धरते, घशातली वाट मोकळी राहते. श्वास असा अडत राहिला की काळजाला ताण पडतो.

"हे अंगावर काढू नका, आजोबा. यात माणूस झोपेत जाऊ शकतो."

माझ्या तोंडात लगदा. मी तिच्याकडं बघतोय, ती फरशीकडं. लगदा घट्ट होईस्तोवर मी गप्प, ते कुणालाही पटेल. पण साचा निघाला, चूळ भरली, तोंड चांगलं मोकळं झालं, तरी मी बोललो नाही. दारात विहीणबाई होत्या. एका बाईच्या जिभेला भ्यालो. मिशी तेवढी मोठी.

प्लेट झाली, अगदी मापाची, माझ्या. घरी आल्यावर हिनं दार लावून ती घालून बघितली. हिचं तोंड लहान, प्लेट ओठाबाहेर आली नांगराच्या फाळागत. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो दोघं. मी म्हणालो, परत जाऊ, दोघंच, तुझं माप देऊ.

"ऊस जाऊ द्या कारखान्याला," ती म्हणाली. "मग बघू."

ऊस दोनदा गेला.

त्या दिवशी प्लेट घासून झाल्यावर जेवलो. ती जरा पडते म्हणाली. माझी पाण्याची पाळी होती, मी रानात गेलो. उन्हं कलल्यावर आलो तर घर गप्प. मला आधी बरंच वाटलं. म्हटलं, बाई आज शांत झोपलीय. पाय धुतले, चहाचं आधण ठेवलं आणि मग हाक मारली.

विहीणबाई उद्या यायच्या त्या लेकीबरोबर त्याच संध्याकाळी आल्या. रात्रीच अग्नी देऊन सगळं उरकलं. माजघरात बायका झोपल्या, बाहेर सोप्यात मी पडून होतो. रात्रभर घरात आवाज नव्हता.

सकाळी शेजारणीनं चहाची किटली आणली. विहीणबाई लेकीला म्हणत होत्या, ते मला सोप्यात ऐकू आलं.

"तुझे वडील काल घोरलेच नाहीत गं. दिवाळीला दोघं आपल्याकडे आले होते तेव्हा भिंत हलत होती. मग घोरायचं कोण?"

लेक कपात चहा ओतत राहिली. तिला खरं ठाऊक होतं, पण तिलाही त्याच घरात नांदायचं होतं.

खरं बोलायची जागा डॉक्टरची ती खुर्ची होती. आता बोलून हिचा श्वास परत येणार नव्हता. विहीणबाईंना मात्र जन्मभर चघळायला मिळालं असतं. मी सोप्याच्या खिडकीतली प्लेट उचलली, तोंडात घातली आणि बायकांच्या मधनं मागच्या परड्यात गेलो. सगळ्यांना दिसेल असा उभा राहिलो, प्लेट काढली आणि ब्रशनं घासायला लागलो. एकट्याला ते नीट जमत नाही. तांब्या धरायचा का ब्रश? सगळं पाणी पायावर गेलं.

"गुण आला म्हणायचा डॉक्टरचा," विहीणबाई दारातनं म्हणाल्या.

मी व्हय म्हणालो आणि प्लेट खिडकीत वाळत ठेवली.