ग्रीनहाउसमधलं एक बोंड

आमच्या लॅबमध्ये दोन गोष्टी न मागता साठत जातात. एक, फ्रीजरमधल्या लेबल पुसट झालेल्या नळ्या. दुसरी, किस्से. नळ्या आम्ही वर्षातून एकदा मन घट्ट करून टाकून देतो. किश्श्यांना तसा दिवस ठरलेला नाही, म्हणून ते माझ्याच डोक्यात पडून असतात. आज थोडे बाहेर काढते.

मी कापसावर काम करते, तेही सिंगापुरात. हे ऐकलं की समोरचा आधी हसतो. एकदा क्वीन्सटाउनहून टॅक्सी केली. ड्रायव्हर अंकलनी विचारलं, काय काम करता? मी सांगितलं. त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"सिंगापोर व्हेअर गॉट कॉटन?"

मी म्हटलं, आहे ना! ग्रीनहाउसमध्ये अठ्ठ्याऐंशी झाडं आहेत. पुढच्या सिग्नलला ते मागे वळले. मग एकदम खूश होऊन म्हणाले, "एटी-एट? व्हेरी लकी नंबर!"

चिनी माणसाला आठाचा आकडा शुभ; त्यानंतर कापसाबद्दल त्यांनी एकही शंका काढली नाही.

*

आमची माणसं मोजकीच. बॉस डॉ. टॅन, अस्सल सिंगापुरी, डीएनएमधले दर्दी. ग्रीनहाउस सांभाळतात ते अंकल चुआ. सेम्बावांगच्या शिपयार्डमधून रिटायर झाले, घरी करमेना, म्हणून आमच्याकडे आले. आणि अकोल्याचे वानखेडे सर. सरांचा उभा जन्म कापसाच्या जाती तयार करण्यात गेला. टॅननी त्यांना कॉन्ट्रॅक्टवर बोलावून घेतलं, तेव्हा त्यांच्या बॅगेत चार शर्ट, दोन पँटी आणि एक छोटा पितळी कंगवा होता. सरांना पूर्ण टक्कल आहे!

कंगवा सरकीसाठी होता. कापूस अजून चिकटलेली एक सरकी घ्यायची, तिला मधोमध भांग पाडायचा आणि दोन्ही बाजूंचे धागे हळूहळू विंचरून सरळ करायचे. मग काळ्या मखमलीवर ठेवून पट्टीनं लांबी मोजायची. सरांनी विंचरलेली सरकी पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी दिसते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी बराच वेळ नुसती बघत बसले होते.

टॅनचा मात्र असल्या हातकामावर विश्वास नव्हता. त्यांच्याकडे धागा मोजायचं भलंमोठं मशीन आहे, त्याची वेगळी खोली आहे. त्यांनी एक दिवस सरांची परीक्षाच घेतली. आधी मशीनवर मोजून ठेवलेल्या कापसाचे दहा पुंजके समोर मांडले. सरांनी चष्मा काढून ठेवला. चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन्ही हातांनी ओढायचा, एकावर एक ठेवून पुन्हा ओढायचा, की धाग्याची लांबी मिलिमीटरमध्ये सांगायची. नऊ आकडे मशीनशी तंतोतंत जुळले. टॅनच्या कपाळावर घाम आला.

दहाव्याला सर म्हणाले, "सत्तावीस." मशीन म्हणत होतं एकोणतीस. टॅनना हायसं वाटलं. "सो, नाऊ यू आर राँग!"

सर शांतपणे माझ्याकडे वळले. "मनीषा, त्यांना विचार, हा नमुना आज सकाळच्या पावसात मोजला काय? खोलीत ओल शिरली असन, ओलीत धागा लांब भरते. कापूस बरोबर आहे बाप्पा, खोली चुकली."

नमुना खरोखरच त्या सकाळी मोजला होता. आम्ही सगळे मशीनच्या खोलीकडे धावलो. तिथली हवा अगदी मोजून-मापून कोरडी ठेवावी लागते. दार लावलेलं दिसत होतं, पण खाली बोटभर फट होती आणि त्या फटीत एक ओली छत्री अडकली होती. छत्री डॉ. टॅन यांची!

*

यानंतरचा किस्सा स्ट्रॉचा.

कापसाचं फूल उमलायच्या आदल्या दुपारी त्याचे पुंकेसर काढून टाकावे लागतात आणि मधल्या स्त्रीकेसरावर बोटभर लांबीची स्ट्रॉ, म्हणजे आपली सरबताची नळी, टोपीसारखी घालावी लागते. नाहीतर भलतेच पराग येऊन बसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी काढायची, हवे ते पराग लावायचे, पुन्हा टोपी घालायची. जगभर कापूसवाले हेच करतात. आणि नेमकं हे काम ऐन भरात असताना आमच्या हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे इथल्या खाऊगल्लीतल्या, बऱ्याच दुकानांत कागदी स्ट्रॉ आल्या! ग्रीनहाउसच्या दमट हवेत कागदी स्ट्रॉ तासाभरात मान टाकते.

सर हवालदिल झाले. अंकल चुआ म्हणाले, "कॅन, कॅन. आय सेटल." दुसऱ्या दिवशी ते सेम्बावांगहून दोन मोठ्या पिशव्या भरून प्लास्टिकच्या स्ट्रॉ घेऊन आले. त्यांच्या इमारतीखालच्या ज्यूसवाल्या आंटीनं जुना साठा दिला होता. मी विचारलं, "अंकल, तिला काय सांगितलंत?"

"खरं तेच सांगितलं. फुलांचं लग्न आहे."

आंटीनं स्ट्रॉच्या पिशवीत इथे लग्नात आहेराचे पैसे घालून देतात तसलं एक लाल पाकीटही घालून दिलं होतं.

*

टॅनचाही एक किस्सा सांगायलाच हवा, नाहीतर छत्रीवरून त्यांची प्रतिमा वाईट होईल. मी इथे नवी होते तेव्हाची गोष्ट. एका सकाळी सगळ्यांना त्यांचा ईमेल आला. ठळक अक्षरांत विषय: ग्रीनहाउसमध्ये काल कोणी फवारणी केली? खाली लिहिलं होतं की काल पांढरी असलेली फुलं आज गुलाबी पडली आहेत, झाडांना हात लावू नका, तातडीची मीटिंग.

मीटिंगमध्ये सर उठून उभे राहिले. म्हणाले, "टॅन सर, कापसाचं फूल पहिल्या दिवशी पांढरं असते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. हजारो वर्षांपासून होऊन राहिलं."

टॅन पंधरा वर्षं कापसाच्या जनुकांवर काम करत होते. शंभरेक जनुकं त्यांना तोंडपाठ होती. पण आयुष्य एसीतल्या लॅबमध्ये गेलं, एकच फूल सलग दोन दिवस त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं आता चिडतील. ते चिडले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ग्रीनहाउसमध्ये गेले, तर टॅन एका पांढऱ्या फुलासमोर स्टूल टाकून बसलेले. जेवणाचा डबाही तिथेच. रंग कधी बदलतो ते त्यांना स्वतः बघायचं होतं. मला तर त्या दिवशी या माणसाबद्दल एकदम आदर वाटायला लागला.

*

आता जरा गंभीर, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

आपला देशी कापूस काटक. पाणी कमी असलं, कीड आली, तरी तग धरतो. पण धागा आखूड आणि जाडाभरडा. अमेरिकन कापसाचा धागा लांब, पण त्याचे लाड फार. देशीचा दम आणि लांब धागा एकाच झाडात आणायचा, हे सरांचं तरुणपणापासूनचं वेड. अडचण अशी की या दोघांच्या गुणसूत्रांची संख्याच जुळत नाही. संकर केला की चार-पाच दिवसांत बोंड गळून पडतं. गळायच्या आत आतला टाचणीच्या टोकाएवढा गर्भ काढून बाटलीत वाढवावा लागतो. रोप जगलं तरी ते वांझ असतं. मग औषध लावून गुणसूत्रं दुप्पट करायची, तेव्हा कुठे फळ धरायची आशा.

सरांनी अकोल्यात हे किती वर्षं केलं, ते त्यांनाच माहीत. इथे येऊन तीन वर्षं रोज दुपारी, रोज सकाळी, स्ट्रॉ घालून आणि काढून केलं. अंकल चुआ गळलेली बोंडं झाडून डब्यात ठेवायचे. फेकायचे नाहीत. डबे भरत गेले. एवढ्या सगळ्यांतून एकच झाड जगलं. एक!

आणि तेवढ्यात लेट्यूसवाले आले. शेजारच्या टीमला मजल्यांवर मजले चढवून लेट्यूस पिकवायचं होतं, त्यांना जागा हवी होती. टॅनवर वरून दबाव होता. त्यांनी सरांना सरळच सांगितलं, "जुलै संपेपर्यंत वेळ आहे. या झाडाचा धागा अठ्ठावीस मिलिमीटरच्या वर गेला, तर ग्रीनहाउस तुमचं. नाहीतर लेट्यूसचं. आय अ‍ॅम सॉरी." प्रोजेक्ट गेला की सरांचा इथे राहायचा पासही संपणार होता. पुन्हा हे सगळं उभं करायला त्यांच्याकडे वय उरलं नव्हतं. ते मान हलवून नुसतं "हाव" म्हणाले आणि स्ट्रॉ कापायला बसले.

*

त्या झाडाला पहिलं धड फूल आलं ते नेमकं बुद्धपौर्णिमेला. इथे त्या दिवशी वेसाक डेची सुट्टी असते. फुलाला सुट्टी नसते.

मी घरी वंदना उरकली आणि तशीच, पांढऱ्या साडीत, एमआरटी मेट्रोनं लॅबला पोचले. सर आधीच आलेले, पांढरा सदरा घालून. दारात अंकल चुआ, तेही पांढऱ्या शर्टात, हातात देवळातून आणलेला शाकाहारी बीहूनचा, म्हणजे तांदळाच्या शेवयांचा, डबा. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. माझ्या मुलीनं फोनवर फोटो मागितला, तो पाहून लिहिलं, "ममा, यू ऑल लुक लाइक कॉटन, लाह."

सरांनी पराग लावले. मी त्रिशरण म्हटलं, अंकलनी त्यांच्या होक्कियन बोलीत काहीतरी पुटपुटलं. एकमेकांचे शब्द कळत नव्हते, पण कोणासाठी चाललंय ते कळत होतं. सर कधी देवाधर्माचं बोलत नाहीत. त्या दिवशी ते झाडाला म्हणाले, "घे बाई, आता तुझ्यावर आहे."

पाच दिवस गेले, बोंड गळलं नाही. दहा दिवस गेले. अंकल रोज सकाळी मला एकाच शब्दाचा मेसेज पाठवायचे: "हँगिंग."

*

माझी मुलगी मित्रा एका शनिवारी ते बोंड बघायला आली. मी तिला सांगितलं, या बोंडात आत्ता धागे वाढतायत, आणि प्रत्येक धागा म्हणजे फक्त एकच पेशी. डोळ्यांनी दिसेल एवढी लांब, अख्खी एक पेशी! हे वाक्य मी शेकडो वेळा बोलले असेन, तरी अजूनही बोलताना माझ्या अंगावर काटा येतो.

मित्रा विचारात पडली. आपल्या टी-शर्टची बाही चिमटीत धरून म्हणाली, "देन हाऊ मेनी सेल्स अ‍ॅम आय वेअरिंग?"

 सरांनी कागद-पेन्सिल घेतली आणि खरंच हिशोब मांडायला सुरुवात केली. अर्ध्या तासानं पान भरलं, तेव्हा ते पेन्सिल ठेवून म्हणाले, "बाळा, कॉलरपर्यंतच आलो."

*

बोंड उकललं ते जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. त्याच सकाळी लेट्यूसवाल्यांचा प्रमुख, एक उंचापुरा तरुण शास्त्रज्ञ, मेटलची टेप घेऊन ग्रीनहाउसची मापं घ्यायला आला होता. डॉ. टॅन त्याच्यासोबत होते. आत अंकल चुआ झाडापाशी उभे होते. हलत नव्हते.

बोंडात बाकी सगळ्या सरक्या पोकळ निघाल्या. भरलेली एकच. मशीनला मूठभर कापूस लागतो, इथे मोजण्याजोगा एका सरकीचाच होता. म्हणजे कंगवाच. आम्ही सगळे लॅबमध्ये आलो, तो टेपवालाही मागून आला. सरांनी मखमल पसरली, कंगवा हातात घेतला आणि थांबले. मग त्यांनी कंगवा माझ्यापुढे केला. 

"मनीषा, तू कर."

मी भांग पाडला. विंचरायला लागले, तर एसीच्या झोतानं धागे उडायला लागले. टॅननी उठून एसी बंद केला. आमच्या लॅबचा एसी बंद झालेला मी तरी कधी ऐकला नाही! पाच माणसं घामानं निथळत एका सरकीभोवती उभी होती. धागे निघतच होते. रेशमासारखे, आणि लांब. माझे दोन्ही हात धाग्यांत गुंतले होते, म्हणून पट्टी टॅननी धरली. त्यांनी एकदा मोजलं. दुसऱ्यांदा मोजलं. तिसऱ्यांदा मोजून ते हळूच म्हणाले, "थर्टी-वन."

 सर खुर्चीत बसले. अंकल चुआंनी तोंड फिरवून भिंतीकडे केलं.

लेट्यूसवाल्यानं वाकून सरकी पाहिली. मग त्यानं हातातली टेप सर्रकन गुंडाळून खिशात टाकली आणि विचारलं, "सर, कॅन आय टच?"

वानखेडे सरांनी डोळे पुसले. "विंचरलेली नको. बोंडातल्या पोकळ सरक्यांचा कापूस आहे थोडा, त्याला हात लाव. पण आधी हात धुऊन ये."

तो मुकाट्यानं बेसिनकडे गेला. आणि त्याच्या मागे, बाह्या सरसावून, रांगेत डॉ. टॅन उभे राहिले.